कुलकर्णी सरांचे एकेचाळीस फॉन्ट

शाळेतले किस्से खडूच्या धुळीसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण घरी येऊन ओढणी झटकली की निघतातच. दिल्लीत मुलांना मराठी शिकवता शिकवता मी असे पुष्कळ झटकलेत. आज फक्त फॉन्टचे सांगते, कारण गेलं वर्षभर आमच्या स्टाफरूममध्ये दुसरं भांडणच नव्हतं.

सुरुवात एका ट्रेनिंगने झाली. मुलांना द्यायचं ते साध्या, मोठ्या, मोकळ्या अक्षरांत छापा, असं आम्हाला सांगितलं. नक्षीदार आणि दाटीवाटीच्या अक्षरांनी काही मुलं अडखळतात म्हणे. मला लगेच पटलं. आमचे कॉम्प्युटरचे कुलकर्णी सर मात्र घरी चोरी झाल्यासारखे बसले होते. शाळेचं सगळं छापायचं काम त्यांच्याकडे आणि त्यांच्या पेनड्राइव्हवर एकेचाळीस नक्षीदार फॉन्ट!

"मग यांचं मी काय करू?" त्यांनी विचारलं. बिचारे खरंच दुःखी होते.

*

साधे फॉन्ट वापरा, असं सर्क्युलर प्रिन्सिपल मॅडमनी दुसऱ्याच दिवशी काढलं. ते छापलं अर्थातच कुलकर्णी सरांनी. वेलबुट्टीचा फॉन्ट, तोही बारीक. आम्ही सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या, ही आमची जुनी पद्धत.

सोमवारी शिपाई बिष्टजी कुरकुरत आले. शनिवारी मीटिंगसाठी हॉल उघडून, पंधरा कप चहा करून ते दोन तास बसले होते. मीटिंगची ओळ सर्क्युलरच्या तळाशी होती. आता मॅडम फाडून खाणार म्हणून आम्ही गप्प. पण मॅडम काहीच बोलल्या नाहीत, कारण त्याही गेल्या नव्हत्या.

एकटे कुलकर्णी सर गेले होते. ते आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत.

*

सरांचा सर्वांत लाडका फॉन्ट करोल बागेतल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून आणलेला. सहामाहीचं वेळापत्रक त्यांनी त्यातच काढलं, वर किरमिजी शाईत.

संध्याकाळी एका मुलाचे आजोबा गेटवर हजर. कडक इस्त्रीचा कोट, हातात मिठाईचा डबा. बिष्टजींना त्यांनी प्रेमाने विचारलं, "बेटा, शादी किसकी है?"

मिठाई आम्ही परत केली नाही.

*

प्रश्नपत्रिका एकाच कागदावर बसली पाहिजे, हा आमचा आणखी एक नियम. प्रश्न वाढले की सर अक्षर लहान करत जात. मराठीच्या पेपरात दहावा प्रश्न इतका बारीक झाला, की सगळ्या वर्गाने तो सोडून दिला. फक्त एका मुलीने तिथे मुंगी काढली आणि खाली लिहिलं, "हा प्रश्न हिच्यासाठी आहे."

मी तिला पूर्ण मार्क दिले. सर तणतणत आले. मी पेपर त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, प्रश्न वाचून दाखवा, मार्क कापते. त्यांनी पेपर जवळ नेला, लांब नेला.

"सॉफ्ट कॉपी बघून सांगतो," म्हणाले आणि गेले.

*

मुंगी काढणारी ती स्वरा. तिसरीतली. वडील फौजेत, घर कॅन्टोन्मेंटमध्ये. बोलायला तिखट, पण वाचायला उभी केली की रडवेली व्हायची. मॅडम वर्गात आल्या की तिला एकच सांगायच्या, "घाई नाही, बोट ठेवून वाच." ती बोट ठेवायची आणि बोट तिथेच राहायचं. शेवटी मॅडमनी सुचवलं, की मराठीच्या तासाला तिने दुसरीत बसायचं. दुसरीत तिचा धाकटा भाऊ होता!

मी तिला एकटीला बाजूला घेऊन विचारलं, नेमकं काय होतं गं? ती म्हणाली, "मॅम, ही सगळी अक्षरं एक-दुसऱ्याच्या वर चढतात."

त्या दिवशी मी आर. के. पुरमच्या फोटोकॉपीवाल्याकडून तिचा धडा मोठ्या, साध्या अक्षरांत, मोकळ्या ओळींत काढून घेतला. "मॅडम, चश्मा बनवा लो, सस्ता पडेगा," तो म्हणाला.

स्वराने पान वाचलं. अडखळत वाचलं, पण पुरं वाचलं आणि कागद उलटून विचारलं, "पुढे काय झालं?" मला इतका आनंद झाला, की वर्गासमोरच डोळे पुसले. आठवड्याभरात सगळा वर्ग "स्वरावाला कागद" मागू लागला.

*

तरी स्वराला वाचता येतं, हे मॅडमना पटेना. त्यांनी स्वराला आणि तिच्या आईला केबिनमध्ये बोलावलं. दुसरीत बसायचं की नाही, ते तिथेच ठरणार होतं. आई पदराचं टोक पिळत बसली होती. मी मोठ्या अक्षरांचा नवा धडा पुढे ठेवला. स्वराने तो खणखणीत वाचला.

"पाठ केला असेल," मॅडम म्हणाल्या. टेबलाच्या काचेखाली एक कागद होता, तो काढून त्यांनी तिच्यापुढे सरकवला. "हे वाच."

वेलबुट्टीचा फॉन्ट. साधे फॉन्ट वापरा, असं सांगणारं तेच सर्क्युलर.

स्वराने बराच वेळ पाहिलं आणि तो परत केला. "मॅम, हे मला नाही येत. तुम्ही वाचून दाखवा ना."

मॅडमनी चष्मा लावला. काढला. उठून खिडकीपाशी गेल्या. "सर्व... सर्व शि..." आणि थांबल्या. मी पंख्याकडे बघत राहिले.

स्वरा खुर्चीवरून उतरली, त्यांच्याजवळ गेली आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "घाई नाही, मॅम. बोट ठेवून वाचा."