बगळ्याच्या मोटारीत कोण बसलं होतं

माझं नांदेडात चष्म्याचं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत ऐकली की लोक पहिल्यांदा हेच विचारतात, "पण तुम्ही धंदा काय करता?"

लातूरच्या साडूनं नवी गाडी घेतली होती आणि रविवारी सकाळी तिची पूजा होती. मी नांदेडहून गुलाब-निशिगंधाचा भला मोठा हार नेला होता. तो सुकू नये म्हणून ओल्या पंच्यात गुंडाळून अख्खा रस्ता बायकोच्या मांडीवर ठेवला होता. साडूच्या फाटकापाशी पोचलो तर काळी, उंच, चकचकीत गाडी उभी, भोवती चार माणसं. मी कुणाला शरणार्थ म्हणून नमस्कार केला नाही, की चपलेतला खडा काढला नाही. सरळ पुढं झालो, बॉनेटवर हार पसरला, हात जोडले आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, "लई वाट बघायला लावलीस, बाई."

मागून एक गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "हार राहू द्यायचा का? मला गाडी काढायचीय."

ते शेजारचे डॉक्टर होते आणि ती गाडी भलत्याच कंपनीची होती. साडूची गाडी आत मांडवात होती आणि डॉक्टर आपली गाडी वाटेतून बाजूला घ्यायला आले होते. बायको ओला पंचा झटकून त्याची घडी घालत राहिली.

आता, एखाद्यानं चुकीच्या गाडीला हार घातला तर त्यात एवढं काय? पण मी एखादा नव्हतो. साडूनं घेतली त्या कंपनीची गाडी ओळखण्यात माझा हात धरणारा माणूस नांदेड-लातूर पट्ट्यात नाही, असं मीच बऱ्याच लोकांना सांगून ठेवलेलं होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या घरात ते कुणी घेतही नसे. तिच्या बॉनेटवर एका पायावर उभा राहिलेला चांदीचा बगळा असायचा, म्हणून निजामाच्या राज्यात तिला बगुला मोटार म्हणायचे आणि आमच्याकडं बगळ्याची गाडी. सातासमुद्रापलीकडं शिलाई मशिनी बनवणाऱ्या दोन भावांनी ही कंपनी काढली. मशिनीसारखं बिनआवाजाचं चालणारं इंजिन हे त्यांचं वेड. कारखान्यात म्हणे एक माणूस नुसता दारं लावून बघायला ठेवलेला असे. तो डोळे मिटून कान द्यायचा. दार लावलं की ज्वारीच्या भरल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा आवाज आला पाहिजे. पत्र्याचा आवाज आला की गाडी परत मागं. नवाब, जागीरदार, मोठे वकील, एवढ्यांनाच ती परवडायची, आणि ज्याच्या दारात ती उभी त्याला दुसरी ओळख लागत नसे. हे सगळं मी जुन्या इंग्रजी मासिकांतून गोळा केलेलं. गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं वाचत असताना मी मासिक वाचायचो. कैक लोकांचे नंबर त्यामुळं अंदाजानं निघाले असतील.

पण वेड मासिकांनी लावलेलं नव्हतं, अप्पांनी लावलं. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं लहानपण देगलूरकडच्या आमच्या गावात गेलं. ते लहान असताना एका जागीरदाराची बगळ्याची गाडी गावाच्या ओढ्यात फसली. काळी माती, वर पाणी. चाकं फिरतील तशी गाडी खाली. मग आमच्या आजोबांनी आपली देवणी बैलजोडी आणली, नाडा बांधला, आणि बैलांनी ती मोटार चिखलातून अशी काढली जशी लोण्यातून सुरी. जागीरदार खूश. म्हणाला, काय पाहिजे? आजोबांनी काही मागितलं नाही. पण अप्पा मोटारीकडं टक लावून बघत होते, तर त्यानं त्यांना आत बसवलं आणि पुढच्या गावापर्यंत नेलं. अप्पांनी घाईघाईत दार ओढलं तेव्हा जागीरदार म्हणाला, "दरवाजा आहिस्ता, मियाँ. आहिस्ता."

आमच्या घरात हे शब्द म्हणजे कायदा होता. कपाट आपटलं, फाटक वाजलं, फ्रिज जोरात लावला, की आतल्या खोलीतून अप्पांचा आवाज यायचा, "दरवाजा आहिस्ता!" अप्पा गेल्यावर मी तो वारसा चालवला. कुठल्याही लग्नात, बारशात, चार माणसं जमली की मी ती गोष्ट सांगायचो. अप्पांनी दुकान ठेवलं नाही, शेत ठेवलं नाही. हीच एक गोष्ट ठेवली होती. सांगताना मला वाटायचं, अप्पा आत कुठंतरी आहेत आणि फक्त हाक मारायची बाकी आहे.

तर, मांडव. खरी गाडी आत उभी होती आणि ती हुबेहूब डॉक्टरांच्या गाडीसारखी होती. तीही काळी, तीही उंच, तिचंही तोंड रागावल्यासारखं. बगळा बॉनेटवरून उतरून जाळीत गेला होता, चपटा, स्टिकरसारखा. कंपनी दोनदा विकली गेली, हे मला वाचून माहीत होतं. आता आतलं इंजिन दुसऱ्या स्वस्त गाडीतही तेच असतं, हेही माहीत होतं. पण जवळच्या माणसाबद्दल काही ऐकणं वेगळं आणि त्याला तसं समोर बघणं वेगळं. मी दार उघडलं आणि लावलं. आवाज बरा होता.

"आवाज बी सेटिंगमधून बदलता येतो, साडू," साडू कौतुकानं म्हणाला. "इंजिनाचा. स्पीकरातून येतो. शर्यतीचा पाहिजे तर शर्यतीचा, शांत पाहिजे तर शांत."

"वा," मी म्हणालो. माझा चेहरा कसा झाला होता ते मला माहीत नाही. मेव्हणीनं मला लगेच सरबत आणून दिलं.

पूजेला आलेल्या स्वामींनी गाडीला विभूती लावली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मग पंगती बसल्या. ताटात गरम हुग्गी पडली, गव्हाची गोड खीर, वर तुपाची धार. माझा राग असा काही राहिलेला नव्हता. कंपन्या विकल्या जातात, बगळे चपटे होतात. आपण काय करणार?

तेवढ्यात पंगतीत कुणीतरी साडूला विचारलं, "मालक, एवढ्या गाड्या बाजारात असून हीच कशी काय घेतली?"

माझा साडू डाळमिलवाला. तुरीच्या भावाशिवाय सहसा बोलत नाही. पण त्या दिवशी तो वाढायचं थांबवून उभा राहिला, हातात तुपाचं भांडं, आणि म्हणाला, "आमच्या बापाची आठवण हाय ती. आमचं गाव शिरूर अनंतपाळकडं. आमचा बाप ल्हान असताना एका जागीरदाराची बगुला मोटार वढ्यात फसली होती..."

मला आधी वाटलं, हा माझी गोष्ट माझ्याच समोर सांगून माझा मान करतोय. मी हसून मान डोलावायला लागलो. पण ओढा त्याच्या गावचा होता. बैलजोडी त्याच्या आजोबांची होती. मोटारीत त्याचा बाप बसला. आणि जागीरदार वाकून त्याच्या बापाला म्हणाला, "दरवाजा आहिस्ता, मियाँ."

पंगत वाहवा करत होती. मी हुग्गीतला हात तसाच वर धरून उठलो.

"साडू, ही गोष्ट कुणाची आहे?"

"आमच्या बापाची."

"माझ्या बापाची आहे ती. तुमच्या साखरपुड्यात मी सांगितली, तुमच्या पोरांच्या बारशात सांगितली. तुम्ही बसून ऐकत होता आणि पाठ करत होता. गाडी घ्या, दहा घ्या. पण माझा बाप उतरवून तिथं तुमचा बसवला? ही चोरी आहे. चोर आहात तुम्ही."

साडूच्या हातातलं भांडं तिरकं होऊन तूप सतरंजीवर सांडत होतं.

"चोर मी?" तो हळू म्हणाला. "साखरपुड्यात तुम्ही सांगितली तवाच मला वाटलं होतं, आपल्या बापाची गोष्ट ह्यांनी कुठून उचलली. पण थोरला साडू, नवी सोयरीक, कशाला तोंड उघडायचं म्हणून गप बसलो. तुम्ही दर कार्यात सांगता, मी दर कार्यात गप बसतो. आज माझ्या दारात, माझ्या गाडीपाशी, एक डाव सांगितली तर चोर?"

"तुमच्या वडलांनी सांगितली तुम्हाला?"

"मांडीवर घेऊन."

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे होतो. तेव्हा पंगतीच्या टोकाला बसलेले साडूचे मामा, देवणीचे, जन्मभर बैलांच्या बाजारात दलाली केलेले, हसायला लागले. त्यांना ठसका लागला. कुणीतरी पाणी दिलं. मग ते म्हणाले, "आरं, भांडू नका. ती गोष्ट मोटारीची न्हाई. बैलाची हाय."

"म्हणजे?"

"आम्ही दलाल सांगायचो की ती. देवणी बैल इकायचा असला की त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आन् म्हणायचं, ह्याच्या आज्यानं जागीरदाराची मोटार वढ्यातून काढली. गिऱ्हाईक देगलूरचं असलं की वढा देगलूरचा. उदगीरचं असलं की उदगीरचा. माझ्याही आधीपासून चालत आली ती. कोणता जागीरदार आन् कोणती मोटार, आम्हाला काय ठाव? बैल खपायचा."

"आणि मोटारीत बसलेलं पोरगं?" मी विचारलं.

मामांनी जरा आठवून बघितलं. "पोरगं? गोष्टीत पोरगं नव्हतं. पोरगं बाजारात बापासंगं आलेलं असायचं, बैल बघायला. त्याच्याकडं बघून आम्हीच म्हणायचो, बस रे मोटारीत, दरवाजा आहिस्ता. पोरगं हसलं की बाप पटकन सौदा करायचा."

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. मीही हसलो असणार, कारण साडूसुद्धा हसल्यासारखं करत होता आणि आमची दोघांची तोंडं त्या क्षणी सारखीच असावीत. त्याला गाडी होती निदान. तो तिच्याकडं वळून बघत होता, आणि ती आता त्यालाही डॉक्टरांच्या गाडीसारखीच दिसत असेल का, असं माझ्या मनात आलं. मी हात धुतले. माफी मागायची राहिली. "येतो" म्हणालो, ते अंगणातल्या तुळशीकडं बघून.

परतीच्या वाटेवर आमची जुनी छोटी गाडी मी अहमदपूरपर्यंत न थांबता चालवली. चुकीच्या गाडीला हार घातला त्याची लाज कधीच मागं पडली होती. कंपनीनं फसवलं, ठीक. तिचं-माझं नातं मासिकापुरतं होतं. साडूनं फसवलंच नव्हतं, हे तर आणखी वाईट, कारण आता रागवायला माणूस उरला नाही. उरले अप्पा. बैलांच्या बाजारात दलालाच्या बोलण्याला हसलेलं पोरगं. त्यांनी ती गोष्ट घरी आणली, स्वतःला आत बसवलं, आणि मला आयुष्यभर पुरेल इतकी खरी करून दिली. मी किती लोकांपुढं छाती काढून सांगितली ती. जागीरदाराचा आवाज काढायचो मी, वेगळा, घोगरा. माणूस आपल्या पोराला असं का फसवतो? एकदा, मी मोठा झाल्यावर, दुकानात निवांत बसलेले असताना, नुसतं म्हणाले असते तरी चाललं असतं.

अहमदपूरला टपरीवर चहा घ्यायला थांबलो. बायको बाकावर बसली. मी उभाच होतो. मी म्हणालो, "अप्पा खोटं बोलतील असं मला कधी वाटलं नव्हतं."

ती चहा बशीत ओतत म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बाजारातली गोष्ट. लग्न होऊन मी आले त्याच वर्षी अप्पांनी मला सांगितली. तुम्ही लहानपणी गोवरानं तापला होता, झोपत नव्हता. गोष्ट सांगता सांगता तुम्ही विचारलं, मोटारीत कोण बसलं? तर ते म्हणाले, मी. तुम्ही झोपलात. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगून आलात. अप्पा म्हणाले, सूनबाई, एकदा बसलो, मग उतरायचं जमलंच न्हाई बघ. त्याला सांगू नकोस."

इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगताना ही समोर बसलेली असायची, पुढच्या रांगेत. जागीरदाराच्या आवाजाला हसायचीसुद्धा.

"आणि तू नाही सांगितलंस," मी म्हणालो. "इतकी वर्षं. मग आज का सांगतेस?"

तिनं बशी खाली ठेवली.

"आज तुम्ही सगळ्या पंगतीसमोर माझ्या बहिणीच्या नवऱ्याला चोर म्हणालात, म्हणून."