गेरूच्या रेघा आणि माझा खांदा

माझ्या उजव्या खांद्यापायी आमचं घर एकदा धरणात बुडता बुडता राहिलं.

मी भोरजवळच्या एका गावात शाळामास्तर. पन्नाशी उलटली आणि फळ्यावर लिहिणारा हात वर जाईना. भोरच्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला. म्हणाले, "आतला स्नायू जुन्या धोतरासारखा विरलाय. रोज बोटांनी हळूहळू भिंत चढायची, आणि हात पोचेल तिथं खूण करायची. दुसरं औषध नाही."

घरातल्या भिंती बायकोने नुकत्याच सारवल्या होत्या. "रेघोट्या मारायच्या तर भाईर जावा," ती म्हणाली. म्हणून दारालगतच्या बाहेरच्या भिंतीवर मी रोज गेरूत बोट बुडवून चढू लागलो. पहिली रेघ कमरेला, महिन्याने छातीला, दोन महिन्यांनी हनुवटीला. प्रत्येक रेघेखाली तारीख आणि सही (मास्तरकीची खोड!).

त्या दिवसांत भाटघरला नवं धरण बांधत होते. पाणी कुठवर येणार ते दाखवायला सरकारी माणसं नदीकाठच्या भिंतींवर लाल खुणा करून जात. हे मला ठाऊक होतं. (ठाऊक असून काय उपयोग?)

अशात आमच्या सोनाला बघायला विंझरहून पाहुणे आले. स्थळ चांगलं होतं, आणि आधीची दोन हातची गेली होती. मुलाचे वडील बाबूराव बैलगाडीतून उतरले, भिंतीकडे बघतच राहिले, आणि पाण्याचा तांब्याही न घेता पुन्हा गाडीत चढले.

मी धावलो. "आवं, काय चुकलं आमचं?"

"मास्तर, राग धरू नगा. पर बुडीत घराशी सोयरीक कशी करायची? गेल्या म्हैन्यात पानी छातीला, आता हनुवटीला. तारीखवार लिवलंय की."

"पानी कुठलं? ह्यो माझा हात हाय."

"मग चढवून दावा."

दाराआडून सोना बघत होती. तिचा चेहरा उतरला होता. मी भिंतीला बोटं लावली. कंबर, छाती, हनुवटी. तिथे थांबायला हवं होतं. पण मुलीच्या बापाला चेव आला आणि तो थेट कपाळापर्यंत गेला! खांद्यात कट्‌कन वाजलं आणि हात तिथेच अडकला. वर जाईना, खाली येईना.

शेवटी बायकोने आणि बाबूरावांनी मिळून, फळीवरचा हंडा उतरवावा तसा, तो हात खाली उतरवला. मी तोवर ओरडून गाव गोळा केला होता.

"पटलं," बाबूराव ओसरीवर बसत म्हणाले. "म्या आधीच वळखाय पायजे व्हतं. सरकारी काम रोजच्या रोज कुठं पुढं सरकतंय?" आणि त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला.

लग्न ठरलं. माझा हात मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा कमरेच्या रेघेवर आला. डाव्या हाताने अक्षता टाकायला बायकोची सक्त मनाई होती. त्यामुळे साऱ्या गावाच्या अक्षता सोनाच्या डोक्यावर पडल्या, आणि तिच्या सख्ख्या बापाच्या तेवढ्या व्याह्यांच्या कोटाच्या खिशात.