टँकर आडवा झाला त्या सकाळचं पाणी

फ्रीवेवरून रे रोडकडे उतरणाऱ्या रस्त्यावर डिझेलचा टँकर आडवा झाला, तेव्हा आमच्या चाळीत पहिला प्रश्न आला, "आज पाणी जाणार काय रे?" ड्रायव्हर वाचला की नाही, ते मागाहून. वाचला, नुसतं खरचटलं.

डिझेल गटारातून वाहत आमच्या गेटाशी आलं. आत जमिनीखाली पाण्याची टाकी, तिचं झाकण कधीचं फुटलेलं, वर नुसती फळी. मी चाळ कमिटीवर आहे, म्हणजे शिव्या खायला आहे. मी म्हटलं, आज पंप लावू नका. अध्यक्ष म्हणाले, "आपल्या मनाने कसं बंद करायचं? पालिकेच्या वॉर्डातून कोणीतरी सांगू दे." वॉर्डातून उत्तर आलं, रस्त्याचं पोलिसांना विचारा. पोलीस म्हणाला, "पाण्याचं मला काय विचारता साहेब? मला ट्रॅफिक सोडायचाय." आणि रस्ता फवारे मारून धुतलासुद्धा. ते सगळं आमच्याच गटारात, आणि गटार भरून फळीखालून टाकीत! कपाळावर हात मारून घेतला मी.

शेवटी चाळीच्या ग्रुपवर लिहिलं, 'टाकीत डिझेल गेलंय. पाणी वापरू नका. टाकी धुवावी लागेल.' टाकी धुणार म्हणजे उद्या पाणी नाही, एवढंच लोकांनी वाचलं. कोणीतरी पंप लावला आणि मजल्यामजल्यावर पिंपं, कळश्या, टोप सगळं नळाखाली गेलं. त्यात आमच्याकडची रीत अशी की नवं पाणी आलं की कालचं शिळं. ते मोरीत ओतायचं आणि मगच भरायचं. चाळीतलं होतं नव्हतं तेवढं स्वच्छ पाणी असं मोरीत गेलं. मी जिन्यातून ओरडत चढत होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं केलंस हो कळवलंस, वेळेत भरून झालं."

घरात बायको तापाने फणफणलेली, म्हणून तान्ह्या पोरीला डब्यातल्या पावडरीचं दूध चालू होतं. पोर माझ्या आईच्या मांडीवर होती, तोंडात दुधाची बाटली. पिंप काठोकाठ भरलेलं.

"आई, कालचं पाणी कुठाय?"

"ओतलंय. शिळा कशाक ठेवू?"

"अगं, ह्यात डिझेल आहे! मेसेज वाचला नाहीस?"

"वाचलंय मां. म्हणान तर चांगला उकळान घेतलंय."

करोना झाल्यापासून आईला वास येत नाही. मी बाटली हिसकावली, बूच काढलं आणि पेट्रोलपंपावर उभं राहिल्यासारखं झालं. बाटली अर्धी रिकामी होती.

पोरीला छातीशी धरून खाली धावलो. रस्ता लख्ख धुतलेला, मोकळा. टॅक्सी लगेच मिळाली. आई अनवाणीच मागून येऊन शेजारी बसली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "उकळलंय रे मी, चांगला उकळलंय." एरवी टॅक्सीत बसताच भोकाड पसरणारी पोर हॉस्पिटल येईपर्यंत एकदाही रडली नाही.