डबा माहेरी गेला

सोमवारी सकाळी लोणखेड्याच्या ऑफिसात चहाचा पहिला घोट घेतला आणि पुण्याहून सायलीचा फोन आला. "सर, तुमचा डोंगर हललाय का?" झालं... आठवड्याची सुरुवात ही अशी.

थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे वायरलेस टेस्टबेड आहे, म्हणजे कोरीटच्या शेतांपासून अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांपर्यंत खांबांवर, घरांवर लावलेले डबे, जे एकमेकांशी हवेतून बोलतात. लांबलांबचे संशोधक त्यांवर प्रयोग चालवतात. ते एसीत बसून बटण दाबतात, आणि डबे जिवंत ठेवायला मी आहेच.

काय काय सोसलंय ते माझं मला माहीत. कोरीटला डब्याच्या खांबावर लोक गोधड्या वाळत घालतात. वाळत पसरलेल्या मिरचीच्या पथारीजवळचा डबा उघडायचा म्हटलं की शिंकून शिंकून स्क्रू हातातून पडतात... आणि उंदरांना कुठली वायर जास्त आवडते यावर मी तासभर बोलू शकतो.

पण डबा जागचा हलणं हे नवीन होतं. सायलीच्या पीएचडीचा शेवटचा प्रयोग चालू होता, आणि प्रत्येक डबा नेमका कुठे आहे यावरच तिचं सगळं गणित. थीसिस द्यायची तारीख तोंडावर आलेली.

पाड्यावरचा एक डबा मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाला होता. टेकडी आड येते म्हणून ज्या डब्यांशी त्याचं कधी जमलं नव्हतं, त्यांच्याशी आता गुण्यागोविंदाने बोलत होता. प्रयोग वाया जाणार, हे सांगताना सायली रडायच्या बेतात होती.

तो डबा जात्रीबाईच्या घरावर होता. तिने फोन काही उचलला नाही. शेवटी भटूभाऊची जीप ठरवली आणि निघालो. घाट चढताना मी एकटाच बडबडत होतो. भटूभाऊ आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, डबाले काय पाय फुटनात का?" मला हसू आलं नाही.

घराला कडी. छपरावर आमची नुसती लोखंडी पट्टी. शेजारच्याने सांगितलं, जात्रीबाई आणि तिचा नवरा ऊसतोडीला गुजरातला गेले, तिची आई समोरच्या टेकडीवर राहते. म्हणजे अजून एक चढ. प्रोजेक्टची वस्तू, न विचारता, जबाबदारी वगैरे... सगळं भाषण चढता चढता तयार झालं.

आजी अंगणातच बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने हात करून एकेक दाखवलं. "जात्री कामाला गेली. शेळ्या इकडे, कोंबड्या इकडे, पोरगी इकडे, डबा इकडे."

कामाला बाहेर पडताना घरातलं जपायचं ते सगळं माहेरी सोपवून जायचं, अशी जात्रीबाईची रीत. आणि डबा बसवताना 'हा हिरवा दिवा विझू देऊ नका' असं मीच बजावलं होतं. तिने सोलरची प्लेट, बॅटरी, डबा, सगळं डोक्यावरून इथे आणलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत छपरावर जागा बदलत राहिली. आता यावर कोणाला काय बोलणार...

तरी मी पाना काढला. जे घर डब्याला जागा देतं त्याला आम्ही वायफाय फुकट देतो. त्याच वायफायवरून सायलीला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, जागा बघून घे, आता काढतो.

जात्रीबाईची मुलगी रविता कधीची माझ्या हातातल्या पान्याकडे बघत होती. "मग आज आई दिसणार नाही?"

पाड्यावर मोबाइलला रेंज नाही. जात्रीबाई रोज संध्याकाळी उसाच्या फडावरून लेकीला व्हिडिओ कॉल करते, तो या डब्यावरून. मी पाना खाली ठेवला. खरं सांगतो, मला स्वतःचाच राग आला.

सायलीने ते ऐकलं होतं. म्हणाली, "सर, डबा राहू द्या. नव्या जागेचं मोजमाप पाठवा, मी पहिल्यापासून चालवते."

पहिल्यापासून म्हणजे थीसिस लांबणीवर. तिने गाइडची बोलणी खाल्ली, माझी साहेबांनी खरडपट्टी काढली. नंतर आठवडाभर मी सगळ्यांवर चिडलो, जात्रीबाई सोडून. या गडबडीत सायलीला थँक यू म्हणायचं राहूनच गेलं... म्हणून ही पोस्ट.

काल तिने नवा आलेख पाठवला. त्या डब्याच्या रेषेत रोज संध्याकाळी एक उंचवटा येतो. एरवी प्रयोगाबाहेरची अशी लुडबुड ती निमूट काढून टाकते. हा तिने ठेवलाय, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलंय... आईचा फोन.