कोरडं गटार

माझी मावशी पालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसते. माणूस आला की एक दाखला, गेला की दुसरा, मधल्या भानगडींशी आपला संबंध नाही, असं ती म्हणायची. तिच्या टेबलावर शिक्क्याची जागा ठरलेली, टाचण्यांची ठरलेली, आणि आलेल्याने खिडकीपासून किती लांब उभं राहायचं तेही ठरलेलं. अशा बाईला मी गोंधळलेली कधी पाहिली नव्हती. सांडपाण्याच्या योजनेचा अर्ज गळ्यात पडला आणि तेही पाहायला मिळालं.

गळ्यात पडला तो असा. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "खालच्या गल्लीत कोण राहतं?" मावशीने प्रामाणिकपणे हात वर केला. झालं. छोट्या गावांच्या सांडपाण्यासाठी सरकार अनुदान देणार होतं, आणि अर्ज करायला हात वर केलेला माणूस सापडला होता. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान पालिकेसमोरच आहे, त्यामुळे तिच्या मागोमाग तो अर्ज माझ्याही गळ्यात पडला. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव उतारावर आहे. वरच्या गल्लीतल्या आंघोळी, भांडी, धुणी, सगळ्याचं पाणी एका उघड्या गटारातून खाली येतं आणि मावशीच्या दारापुढून जातं. दार आणि रस्ता यांच्यामध्ये गटार, गटारावर एक फरशी. गटार कधी भरून वाहील याचा नेम नाही. वर कुणी टाकी धुवायला काढली की खाली फरशीवरून पाणी जातं आणि ती शेवाळलेली फरशी साबणासारखी निसरडी होते. त्याच फरशीवर काका, म्हणजे मावशीचे यजमान, घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. हाड जुळलं, पण माणूस धास्तावला तो धास्तावलाच. आयुष्यभर शिंपीकाम केलेला हा माणूस, संध्याकाळी समोरच्या चहाच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिलाईला नावं ठेवायचा. आता तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. खिडकीतून नावं ठेवायचा, पण ऐकायला कोणी नसायचं.

अर्जात मी गावाचं आरोग्य, पर्यावरण वगैरे सगळं टाइप केलं आहे. मावशीला मात्र एवढंच हवं होतं, की गटार जमिनीखालच्या नळातून जावं आणि नवऱ्याने समोर जाऊन चहा प्यावा.

अर्जातला एक प्रश्न होता: सांडपाणी शेवटी कोठे जाते? मावशीने बांधकाम विभागात विचारलं.

"पुढे जातं," तिथले बाबू म्हणाले.

"पुढे म्हणजे?"

"पुढे म्हणजे, बाई, इथून पुढे."

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी नाकाला पदर आणि ओढणी लावून गटाराच्या मागे निघालो. पिठाच्या गिरणीमागून, शाळेच्या कुंपणाला वळसा घालून ते एका जुन्या गोदामापाशी आलं आणि भिंतीखाली शिरलं. आम्ही भिंतीच्या पलीकडे गेलो तर तिथे काहीच नाही. कोरडी ठणठणीत जमीन. गोदामाचा राखणदार म्हणाला, "इथे कसलं पाणी? इथे कधीच पाणी येत नाही."

"मग जातं कुठे?" मावशीने मला असं विचारलं, जसं काही मीच ते पिऊन बसले होते. आम्ही पुन्हा अलीकडे आलो. पाणी आत जात होतं. पुन्हा पलीकडे गेलो. नव्हतं. शेवटी मी अर्जात टाइप केलं, 'पुढे जाते.'

मग कुटुंबं मोजायची वेळ आली. कुटुंब म्हणजे एक चूल की एक मोरी? वरच्या गल्लीत दोन सख्खे भाऊ आहेत, जेवण वेगळं, बोलणं बंद, पण मोरी एकच. मावशीने वरच्या ऑफिसला फोन लावला. एका साहेबांनी चूल धरा म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी मोरी. तिसऱ्यांनी तिलाच विचारलं की तुम्ही कोण. त्यातच कळलं की गावांच्या योजनेसाठी आमचं गाव मोठं पडतं आणि शहरांच्या योजनेसाठी लहान. ग्रामीणवाले म्हणाले शहरीकडे जा, शहरीवाले म्हणाले ग्रामीणकडे. "अगं, आपण आहोत तरी काय?" मावशी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून म्हणाली. उभा जन्म दाखले देण्यात गेलेल्या बाईला आपलं गाव जन्मलंय की नाही, अशी शंका यायला लागली होती. मी कुणाच्या तरी बापाचा उद्धार केला आणि दोन्हीकडे एकेक अर्ज पाठवून दिला.

आणि काय झालं कोण जाणे, एकीकडून पत्र आलं. नक्की कुठल्या योजनेतून ते पत्रावरून कळत नव्हतं, पण पाहणीला इंजिनिअरबाई येणार हे कळत होतं. गटारातलं पाणी त्या स्वतः मोजणार होत्या. मावशीने घरी येऊन ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. "सरकारी पाहुण्या आपल्या दारात," ती म्हणाली. हा 'पाहुण्या' शब्द तिने वापरायला नको होता.

कारण आमच्याकडे एक पद्धत आहे. खालच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे यायचे असले किंवा कुणाला शेवटचं न्यायचं असलं, की वर निरोप जातो, "पाणी धरा." मग वरचे लोक भांडी खरकटी ठेवतात, आंघोळीचं पाणी बादल्यांत आणि टबांत साठवतात, आणि खालचं सगळं आटोपलं की सोडून देतात. गटार झाकायला आजवर कुणी पुढे आलं नाही, पण पाणी धरायला नाही कुणीच म्हटलेलं नाही. भलेपणाची ही कुठली तऱ्हा, मला अजून उमगलेलं नाही.

पाहणीच्या दिवशी मी मावशीकडे पोचले तर गटार कोरडं. तळाची कधी न दिसलेली वीट दिसत होती, आणि वर कुणीतरी पांढरी पावडरसुद्धा भुरभुरली होती. इंजिनिअरबाई हातात मोजपट्टी घेऊन वाकून बघत होत्या. मावशी त्यांच्या शेजारी उभी होती, आणि खिडकीवर चुकीचा दाखला निघाल्यावर होतं तसं तिचं तोंड झालं होतं.

"हे पाणी धरायला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

मावशीने नुसती मान वळवली. रस्त्यापलीकडे चहाच्या दुकानात, इस्त्रीचा शर्ट घालून, काका बसले होते. दूधवाल्याच्या हाती निरोप त्यांनीच धाडला होता. घरी सरकारी बाई येणार आणि दारात घाण, हे त्यांना कसं चालेल? आणि फरशी कोरडी दिसल्यावर, काठी टेकत, कुणाला न सांगता ते पलीकडे गेले होते. इंजिनिअरबाईंच्या ड्रायव्हरला त्याच्या कॉलरची शिलाई कशी बेवारशी आहे हे ते समजावून सांगत होते. किती महिन्यांनी मी त्यांना उन्हात पाहत होते.

"बाई, लोकांनी आज पाणी अडवलंय," मावशी घाईघाईने म्हणाली. "एरवी फरशीवरून जातं. शपथ घेऊन सांगते."

"मग सोडायला सांगा ना. मी थांबते थोडी," इंजिनिअरबाई म्हणाल्या. बाई समजूतदार होत्या.

मावशी फरशी ओलांडून काकांकडे गेली. मी तिच्या मागे.

"अहो, घरी चला. पाणी सोडायचंय."

"आत्ता?" काकांनी कप वर करून दाखवला. "अगं, आत्ताच तर हातात आला. अर्धासुद्धा संपला नाही."

मावशीने वर पाहिलं. वरच्या वळणावर बायका बादल्या घेऊन तिच्या खुणेचीच वाट बघत होत्या. नुसता हात हलवायचा होता. सगळं धरलेलं पाणी एकदम आलं असतं, फरशी बुडाली असती, मोजपट्टी भिजली असती, आणि काका स्वतःच्या डोळ्यांदेखत पलीकडे अडकले असते. मग पुन्हा ते कधी उंबरा ओलांडणार? तिचा हात वर गेला. पदर सारखा करून खाली आला.

"नको," ती परत येऊन इंजिनिअरबाईंना म्हणाली. "आज राहू दे."

त्यांनी आधी मावशीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ! त्यांनी लिहिलं, 'प्रवाह आढळला नाही.' मग गाडीत बसताना म्हणाल्या, "पुन्हा एकदा येईन. पण आता कळवून येणार नाही. तुमच्याकडे पाहुणचार फार."

त्या दिवशी मी मावशीला वाट्टेल ते बोलले. एवढी वणवण केली, ती ज्या माणसासाठी केली त्यानेच पाणी फिरवलं, आणि तू हात खाली घेतलास? "कप हातात होता गं त्यांच्या," एवढंच मावशी म्हणाली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं, आधी काय आलं ते सांगता येत नाही.

काका समोर बसलेले वरच्या बायकांनीही पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की काकांसाठी रोज संध्याकाळी घटकाभर पाणी धरत जाऊ. अबोल्यातल्या त्या दोन भावांनीसुद्धा मोरीपुरतं बोलून ठरवलं म्हणे. आता झाली ना पंचाईत! इंजिनिअरबाई नेमक्या त्याच वेळी आल्या तर गटार पुन्हा कोरडं, आणि योजना कायमची गेली. धरू नका म्हणावं, तर काका पुन्हा खिडकीत.

मावशीने नको म्हणून कळवलं नाही. ऑफिस सुटलं की ती पर्स खांद्याला तशीच ठेवून गल्लीच्या तोंडाशी उभी राहते. वरच्या वळणावर एक बाई बादली घेऊन तिच्याकडे बघत असते. सरकारी गाडी दिसली तर मावशीने हात करायचा आणि वरून पाणी सोडायचं, असं ठरलंय. पलीकडे काका कुणाच्या तरी बाहीला नावं ठेवत असतात.

काल मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वळणावर कसलासा हॉर्न वाजला आणि तिने माझं मनगट धरलं.

"त्या बाई याव्यात असं वाटतं की नको?" मी विचारलं.

"याव्यात ना. येणारच," ती म्हणाली. मग चहाच्या दुकानाकडे बघून म्हणाली, "पण आत्ता नको. त्यांचा चहा व्हायचाय."