लातूरपेक्षा जवळ दिब्रुगड

आता माझ्या अकलेचा किस्सा ऐका, पण आधी कप खाली ठेवा. हसताना चहा सांडतो.

आमची वैशू एकुलती एक. डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी दोन वर्षं लातूरला क्लासला होती. अर्धापूरहून लातूर म्हणजे नांदेडला गाडी बदलून एसटीनं पाच तास. तरी पोरगी महिन्याला यायची. माझ्याकडून डोक्याला तेल लावून घ्यायची, पोटभर झोपायची, जायची. मग नंबर लागला तो थेट आसामात, दिब्रुगडला. ती गेली, आणि महिनोन्‌महिने दोनच ताटं वाढायची सवय मला काही लागेना.

एका दुपारी मोबाइललाच विचारलं, नांदेड ते दिब्रुगड विमानाला किती वेळ लागतो? लगेच उत्तर आलं. अंतर दोन हजार किलोमीटर, वेळ पावणेतीन तास.

म्हणजे लातूरपेक्षा जवळच की हो! ह्यांना केळीच्या बागेतून बोलावून घेतलं. हे म्हणाले, "नीट बघितलं का?" म्हटलं, "मला वाचता येतं." दिवेलागणीपर्यंत साऱ्या गल्लीला सांगून झालं.

मग वैशूला फोन लावला. "शनिवारी ये, रविवारी जेवून जा."

"मम्मी, एवढ्या लांबून कशी येऊ? दिवाळीला येते ना."

"लांब कुठं हाय?"

"तुला न्हाई समजायचं," म्हणाली आणि लेक्चरला पळाली.

ते मला लई लागलं. त्यात शेजारच्या शबानाआपा, ब्लाउज शिवतात त्या, मशीन थांबवून म्हणाल्या, "पावणेतीन तासांवर हाय, तर पोरगी येत का न्हाई? तिकडं कुणी भेटला तर न्हाई ना? विचारून घे जरा."

झालं. डोक्यात किडा शिरला. मी तिचे फोन घेणंच बंद केलं. फोन वाजायचा आणि मी पदरानं नाक पुसत त्याच्याकडं बघत बसायची. शेवटी एकदा उचलला.

"तो कोण हाय, सांगून टाक."

"कोण तो?"

"ज्याच्यापायी तुला तीन तासांचा रस्ता लांब वाटून राहिला."

मग म्हणाली, "मम्मी, सरळ विमान असतं तर तेवढा वेळ लागला असता. तसं विमानच न्हाई. आधी कोलकाता, मग हैदराबाद, मग रेल्वे. दोन दिवस मोडतात. तुला काय वाटलं, मला यायचं न्हाई? मला तर रोज यावं वाटतं." आणि रडायलाच लागली. मग मीही. हे बागेतून आले, तर त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

आपांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "विमानच न्हाई, तर वेळ लिहितात कशाला?" मला काय माहीत?

मागच्या आठवड्यात वैशूचा फोन आला. "मम्मी, चार दिवस सुट्टी हाय. येऊ का?"

आता मी शहाणी झालेली ना. म्हटलं, "नको बेटा. दोन दिवस यायला, दोन दिवस जायला. तिथंच आराम कर."

"बरं," म्हणाली.

तेव्हापासून मी तिच्यावर रुसून बसले आहे. जन्मात माझं एक ऐकलं नाही, आणि ऐकायला पोरीला हीच वेळ सापडली?