मोकळ्या मजल्यावरचा आमरस

अकोल्यात मे महिन्याच्या भर दुपारी कुणाला उघड्यावर जेवायला बोलावणं म्हणजे जुनं वैर काढणं. मी बोलावलं होतं. तेही साक्षात बिल्डरला, म्हणजे ज्याने ती अकरा मजली इमारत बांधली त्या माणसाला, आणि त्याच्याच अटीवर.

मी आर्किटेक्ट. माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. या इमारतीचे नकाशे माझे, आणि आठव्या मजल्यावर आम्ही राहतोही: नवरा, सासूबाई आणि मी. सहाव्या मजल्यावर मी एकही फ्लॅट काढला नव्हता. अख्खा मजला सगळ्यांचा. खाली शहाबादी फरशी, कडेने बसायला ओटे, पश्चिमेला विटांची जाळी, आणि जाळीवर अंघोळीचं पाणी गाळून त्यावर वाढवलेले वेल. मधोमध थेट गच्चीपर्यंत पोकळी ठेवली, तापलेली हवा वर निघून जावी म्हणून. उंच इमारतीत माणसं एकमेकांना लिफ्टपुरतीच भेटतात, 'काय म्हणता' म्हणेपर्यंत मजला येतो, याचा मला भारी राग आहे. मधला मजला मोकळा ठेवला तर वरचे खाली उतरतील आणि खालचे वर चढतील, इतका साधा माझा विचार.

बिल्डरचा विचार त्याहून साधा होता. तिथे चार फ्लॅट बसले असते. माणूस वाईट नव्हे, शब्दाला पक्का, फक्त तोंडाने फटकळ. आता अमरावतीला त्याची दुसरी इमारत उभी राहायची होती. नकाशे मीच काढत होते, आणि त्यातला मोकळा मजला त्याला पुसून हवा होता. मी भांडले. भांडायला मला निमित्त लागत नाही, इथे तर कारण होतं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मॅडम, मे महिन्यात भर दुपारी मले तिथंच जेवाले बोलवा. पंखा नाही, कूलर नाही. निवांत जेवलो त अमरावतीलेही असाच मजला काढा. घामाघूम झालो त तिथं फ्लॅट."

मी हो म्हणून टाकलं. हे बोलणं जानेवारीतलं. जानेवारीत अकोल्याचा माणूस काहीही कबूल करतो.

मे उजाडला आणि माझी झोप उडाली. तो मजला संध्याकाळी गार असतो हे मला ठाऊक होतं, पण भर दुपारी तिथे पंगत मांडायची हिंमत अजून कुणी केली नव्हती. त्यात सासूबाई. त्यांचं म्हणणं, पाहुण्याला घरात बसवावं, कूलर लावावा, पोटभर खाऊ घालावं आणि मग काय मागायचं ते मागावं. बिचाऱ्याला भाजून काढायचं कशाला? बोलल्या भरपूर, पण तयारीला त्याच लागल्या. इमारतीतल्या चारजणींना घेऊन त्याच मजल्यावर काड्यांवर गव्हाच्या कणकेचे सरगुंडे वळले, तिथेच वाळवले. आमरसासोबत सरगुंडे नसतील तर पाहुणा उपाशी गेला असं त्या धरतात.

ठरल्या दिवशी मी फरशीवर दोनदा पाणी मारलं, वेल निथळेपर्यंत भिजवले. बिल्डर आला तो गळ्यात रुमाल टाकून, हसत हसत. पान वाढलं. आमरस, सरगुंडे, वर तुपाची धार, मिरचीचे भजे. तो जेवत होता आणि मी त्याच्या कपाळाकडे बघत होते. खरं सांगायचं तर गरम होतंच. बाहेरच्यासारखं नव्हे, पण होतं. दुसऱ्या वाटीला त्याच्या कानशिलाशी ओलसर चमकलं. त्याने रुमाल फिरवला, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि तिसरी वाटी पुढे केली. गेली अमरावती, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात लाईट गेली.

अकरा मजल्यांवरचे कूलर एकदम गप्प झाले. एवढा आवाज चालू होता हे तो थांबल्यावर कळलं. जनरेटर फक्त लिफ्टपुरता. थोड्या वेळाने जिन्यात चपला वाजू लागल्या. नवव्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर उशी काखेत मारून आले. पाठोपाठ चटया, लेकरं, पाण्याच्या बाटल्या, पत्त्यांचा डाव. कुणी विचारलं नाही की इथे काय चाललंय. बघता बघता बिल्डरला आपलं ताट उचलून सरकावं लागलं. ज्याला त्याला रस वाढता वाढता सासूबाईंचा चेहरा पातेल्यासोबत उतरत गेला.

जेवण होताच बिल्डर ओट्यावर आडवा झाला. आमरसावर कुणाचं काय चालतं! तो घोरू लागला तरी मी बसूनच होते. त्याच्या मानेवर घाम आहे की नाही ते मला दिसेना, आणि जवळ जाऊन बघायची लाज वाटत होती.

मग लाईट आली. वर कूलर घरघरले, लेकरांनी एकच गलका केला. मला वाटलं, आता सगळे उठणार, मजला ओस पडणार, आणि नेमका तेव्हाच हा डोळे उघडणार. पण उठली ती एकच मुलगी, तिच्या आईने पाठवलेली, कूलर उगाच चालू राहिला तो बंद करून यायला. बाकीचे हलले नाहीत. मास्तरांनी नुसती कूस बदलली.

गलक्याने बिल्डर उठून बसला. डोळे चोळत त्याने चौफेर पाहिलं.

"लाईट आली न? मंग हे लोक काहून नाही उठून राहिले?"

"तुमी तरी कुठं उठले, भाऊ?" सासूबाई म्हणाल्या.

तो हसला. आधी थोडं, मग पोट हलेपर्यंत. रुमालाने तोंड पुसलं, चपला शोधल्या, आणि लिफ्टकडे जाता जाता माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अमरावतीले ओटे जरा रुंद काढजा, मॅडम. पाय लांब होत नाही."

लिफ्टचं दार लागलं तशी मी होते तिथेच फरशीवर फतकल मारून बसले. इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले, आणि मी ते कुणापासून लपवलं नाही. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. सासूबाईंना रस मागितला, तर त्यांनी पातेलं उलटं करून दाखवलं.